सहावी ‘ब’च्या कांजिण्या

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी मला सांगितलं होतं, “तू कॉम्प्युटरमधली, तर एआयवर वीस मिनिटं बोल.” मी लगेच हो म्हटलं आणि दोन दिवसांनी विषय बदलून मागितला. एआयवर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. मला आज कांजिण्यांवर बोलायचं आहे. हसू नका. या सभागृहात बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात आत्ता, या क्षणी, कांजिण्यांचा विषाणू आहे. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो एकाच वर्गातून, एकाच महिन्यात मिळाला आहे.

मी डॉक्टर नाही. जे सांगणार आहे ते आपल्या वर्गातल्या दोन डॉक्टर मित्रांनी आधी वाचून पाहिलं आहे. वाचून झाल्यावर त्यातला एक म्हणाला, “हे तू बोल. आम्ही बोललो की लोक पेशंटसारखे ऐकतात आणि विसरतात.” म्हणून बोलते.

आठवून पाहा, 1990 चा फेब्रुवारी. आपण सहावी ‘ब’मध्ये. पहिल्यांदा खिडकीजवळच्या रांगेतला एक जण यायचा बंद झाला. मग त्याच्या शेजारचा. मग त्या दोघांच्या डब्यातलं खाणाऱ्या आम्ही चौघी. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की हजेरी घेताना सरांना सलग सहा-सात नावांना उत्तरच मिळेना. शेवटी सरांनी हजेरीपट मिटला आणि म्हणाले, “जे आहेत त्यांनी फक्त हात वर करा.” मी त्या दिवशी नव्हते, हे मला नंतर कळलं.

मी माजघरात होते. उशाशी कडुनिंबाचा पाला. आईने घरात फोडणी बंद केली होती, तळण बंद केलं होतं. माझी नखं तिने मुळापासून कापली. रात्री खाज सुटली की ती त्या पाल्याची डहाळी अंगावरून फिरवत बसायची. मला झोप लागेपर्यंत तिचा हात थांबत नसे. दहा-बारा दिवसांनी खपल्या धरल्या, पाल्याच्या पाण्याने आंघोळ झाली आणि मी शाळेत आले. वार्षिक परीक्षा डोक्यावर होती. बाईंनी आम्हा सगळ्यांना उरलेला अभ्यास शाळा सुटल्यावर थांबवून करून घेतला. माझ्या उजव्या भुवईवरचा खळगा अजून आहे. आज सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातल्या दोघा-तिघांच्या कपाळावरचे असेच खळगे मी ओळखले.

कांजिण्या गेल्या, असं आपण सगळ्यांनी तेव्हा धरलं. गेल्या त्या खपल्या. विषाणू कुठेच गेला नव्हता. हे मला बत्तीस वर्षांनी कळलं, आणि कळलं ते आईच्या पाठीवर.

आई इथेच गावात राहते. तुमच्यातल्या अनेकांनी तिच्या हातचे पोहे खाल्ले आहेत. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीला दहा-बारा दिवस होते, गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन आला. “अगं, उजव्या बाजूला पाठीपासून छातीखालपर्यंत आग होतेय. निखारा ठेवल्यासारखी. वर तर काहीच दिसत नाही.” आमच्या कंपनीत रविवारी पहाटे मोठं रिलीज होतं. माझं अर्धं लक्ष स्क्रीनवर. मी म्हटलं, “चकलीचा सोऱ्या फिरवून पाठ भरली असेल. बाम लाव आणि झोप.” शुक्रवारी पुन्हा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही. शनिवारी तिने केलाच नाही. रविवारी रिलीज पार पडल्यावर मी केला, तेव्हा ती म्हणाली, “काल पुरळ उठलंय. शेजारच्या मावशी म्हणाल्या, नागीण आहे. त्यांनी गेरूचा लेप लावून दिलाय. तू काळजी करू नकोस.”

मी मंगळवारी रात्री पोचले. बुधवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. पुरळ उठून पाचवा दिवस. डॉक्टरांनी आधी सगळा गेरू धुऊन काढला, मग फोड पाहिले आणि विचारलं, “आग कधी सुरू झाली?” मी म्हटलं, “गुरुवारी.” ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “नवे फोड अजून येताहेत, म्हणून गोळ्या देतो. पण पुरळ उठल्यापासून पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर जास्त उपयोग झाला असता.”

फोड तीन आठवड्यांत वाळले. वेदना सोळा महिने राहिली.

शेजारच्या मावशींना मी दोष देत नाही. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं, आणि त्या निदान तिच्याजवळ होत्या. मी फोनवर बाम सांगत होते. त्यानंतर मी या आजाराबद्दल जे वाचलं ते आधी अपराधीपणातून वाचलं. पुढे पुढे मात्र त्यातली गंमत दिसायला लागली. विषयच तसा आहे.

त्या दिवसांत आई रोज रात्री पाठ माझ्याकडे करून विचारायची, “कुठवर आलीय गं?” आपल्याकडे समज आहे की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, अंगाभोवती वेटोळं पूर्ण झालं, की माणूस जातो. आई शिकलेली आहे, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. तरी रात्री तिला ती भीती वाटायची. मी टॉर्च घेऊन पाहायचे. पाठीमागे मणक्याच्या रेषेपाशी फोड थांबलेले. पुढे छातीच्या मध्यरेषेपाशी थांबलेले. कुणी पट्टी घेऊन आखावं तसे. मला प्रश्न पडला की त्वचा तर सलग आहे, मग हे फोड मध्यरेषा ओलांडत का नाहीत?

याचं उत्तर असं की हा मुळात त्वचेचा आजारच नाही. मज्जातंतूचा आहे. माझ्या कामातलं उदाहरण देते. ग्राहकाच्या स्क्रीनवर एरर दिसते म्हणून स्क्रीन पुसून उपयोग नसतो. बिघाड दूर कुठेतरी सर्व्हरवर असतो. नागिणीत त्वचा ही स्क्रीन. गेरू आपण स्क्रीनवर लावतो.

आता सर्व्हर कुठे, ते सांगते. आपल्या मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. प्रत्येक जोडीतला एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. त्वचेचा एकेक पट्टा एकेका मज्जातंतूच्या ताब्यात असतो. स्पर्श, उष्णता, वेदना यांची खबर त्या पट्ट्यातून त्याच तंतूने आत येते. छातीवरचे पट्टे बरगड्यांसारखे पाठीकडून पुढे वळलेले असतात आणि मध्यरेषेपाशी संपतात, कारण पलीकडची बाजू पलीकडच्या तंतूची. खबर आणणाऱ्या या पेशींचा मुख्य भाग त्वचेत नसतोच. तो मणक्याच्या अगदी शेजारी, वाटाण्याहून लहान अशा गाठीत असतो. त्या गाठींना गँग्लिया म्हणतात. तिथून पेशीची एक लांब शाखा त्वचेकडे जाते आणि दुसरी मज्जारज्जूत शिरते. पायाच्या अंगठ्याची खबर आणणाऱ्या पेशीची शाखा जवळजवळ मीटरभर लांब असते. एकच पेशी, मीटरभर.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी आपल्याकडून मज्जापेशीची आकृती दहा वेळा काढून घेतली होती. बाई, मी ती पाठ करून मार्क मिळवले. ती आकृती म्हणजे काय हे मला आईच्या पाठीवर टॉर्च धरून कळलं.

सहावीत आपल्या अंगभर फोड आले, तेव्हा त्या फोडांमधला विषाणू त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरला. तंतूच्या आत पेशीची स्वतःची मालवाहतूक चालू असते. सूक्ष्म नलिकांचे रूळ असतात आणि त्यांवरून सामान इकडून तिकडे जातं. विषाणू त्या गाडीत बसला आणि उलट्या दिशेने मणक्याजवळच्या गाठींपर्यंत पोचला. रक्तातूनही तो तिथवर जातो. पाठीच्या, मानेच्या, कमरेच्या, चेहऱ्याच्या अशा अनेक गाठींमध्ये त्याने मुक्काम केला. तिथे पेशीच्या केंद्रकात त्याचा डीएनए गोल वेटोळं करून पडून राहतो. नवे विषाणू बनवत नाही, पेशीला मारत नाही, जवळजवळ काहीच करत नाही. शरीराच्या संरक्षक पेशींना, विशेषतः टी-पेशींना, तो ठाऊक असतो आणि त्या त्याच्यावर पहारा ठेवतात. मज्जापेशी आयुष्यभर टिकतात, म्हणून पाहुणाही आयुष्यभर टिकतो.

या विषाणूचा सगळा डीएनए सुमारे 1,25,000 अक्षरांचा आहे. अक्षरं चारच प्रकारची, म्हणजे एका अक्षराला दोन बिट. मी सवयीने हिशेब केला. सगळा मिळून 31 किलोबाइट होतो. या मेळाव्याची जी पत्रिका आपल्या ग्रुपवर आली, तिचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा होता. एवढ्याशा मजकुरात शरीरात शिरायचं कसं, पहाऱ्याला चुकवायचं कसं, पन्नास वर्षं गप्प बसायचं कसं आणि संधी मिळताच बाहेर पडायचं कसं, हे सगळं लिहिलेलं आहे. पंचवीस वर्षं प्रोग्रॅम लिहिणारी बाई म्हणून मी त्याला हात जोडते.

मग एक दिवस पहारा सैल पडतो. बहुतेक वेळा वयामुळे. कधी कॅन्सरच्या उपचारांमुळे, कधी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडमुळे, कधी दुसऱ्या एखाद्या आजारामुळे. सगळ्या गाठींमध्ये एकदम नाही, एखाद्याच गाठीत विषाणू जागा होतो. तिथल्या पेशींना इजा करतो, गाठीला सूज आणतो आणि त्याच रुळांवरून, आता त्वचेच्या दिशेने, निघतो. त्याचा प्रवास चालू असताना त्वचेवर काहीच दिसत नाही, पण तंतू पेटलेला असतो. म्हणून आधी आग आणि काही दिवसांनी फोड. आईला गुरुवारी “वर काहीच दिसत नाही” अशी जी आग होत होती, ती हीच. आणि जी गाठ उजवीकडची, तिचा तंतू उजवीकडचाच. तो मध्यरेषेपाशी संपतो, म्हणून फोडही तिथेच संपतात.

म्हणजे वेटोळं सहसा पूर्ण होतच नाही. नागीण उतरवून देणाऱ्यांचा उपाय नेहमी ‘लागू पडतो’ त्याचं कारणही हेच. त्यांनी काही केलं नाही तरी ती मध्यरेषेपाशी थांबणारच असते आणि दोन-चार आठवड्यांत फोड वाळणारच असतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार कमी झालेली असते त्यांच्यात मात्र फोड अंगभर पसरू शकतात. तो गंभीर प्रकार असतो आणि तिथे दवाखान्याशिवाय दुसरा रस्ता नाही.

हे सगळं माणसाने शोधलं कसं, तेही थोडक्यात सांगते, कारण ते शोधणारे लोक मला आपल्या शिक्षकांसारखे वाटतात. फार मोठी यंत्रं नाहीत, पण नोंदी चोख. 1900 साली हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल या दोघांनी इंग्लंडमध्ये नागीण झालेल्या 21 जणांची शवविच्छेदनं अभ्यासली आणि दाखवून दिलं की बिघाड मणक्याजवळच्या गाठीत असतो. त्वचेच्या पट्ट्यांचा नकाशाही त्यांनी काढला. त्याच सुमाराला बुडापेस्टमधले बालरोगतज्ज्ञ यानोश बोकाय यांच्या लक्षात आलं होतं की घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की काही दिवसांनी त्याच घरातल्या मुलांना कांजिण्या येतात. दोन वेगळे आजार, तर मग हे कसं?

याचा छडा लावणारा माणूस मला सगळ्यात आवडतो. एडगर होप-सिम्पसन. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या लहान गावातला साधा फॅमिली डॉक्टर. त्याने आपल्या दवाखान्यात 16 वर्षांत आलेल्या नागिणीच्या सगळ्या, म्हणजे 192 रुग्णांची नोंद ठेवली. वय वाढतं तशी नागीण वाढते, हे त्या नोंदींतून दिसलं. आणखी एक विचार त्याने केला. लहानशा बेटावर गोवर आला की सगळ्यांना होऊन संपतो, कारण पुढे लागण व्हायला कुणी उरत नाही. मग कांजिण्या अशा ठिकाणी टिकतात कशा? शेटलंड बेटांपैकी येल या बेटावरची माहितीही त्याने तपासली. 1965 साली त्याने मांडलं की हा विषाणू माणसाच्या आत दडून बसतो आणि एक पिढी थांबतो. आजोबांना नागीण होते, त्यांच्या फोडांतून नातवाला कांजिण्या लागतात आणि विषाणूला नवं घर मिळतं. पुढे 1984 मध्ये एकाच रुग्णाच्या आधीच्या कांजिण्यांमधला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू डीएनए तपासून पाहिला, तेव्हा तो एकच निघाला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, नागीण कुणाकडून लागत नाही, ती आपलीच असते. आईची नागीण तिच्या स्वतःच्या लहानपणच्या कांजिण्यांची होती. दोन, नागिणीच्या ओल्या फोडांमधून मात्र ज्याला कधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झाकून ठेवायचे आणि तान्ह्या बाळांपासून व गरोदर बायकांपासून लांब राहायचं.

आता त्या सोळा महिन्यांबद्दल. फोड वाळले, कातडी बरी झाली, मग दुखत काय होतं?

आई ब्लाउज घालू शकत नव्हती. साडीचा पदर उजव्या बाजूला टेकला की कळवळायची. पंख्याचा वारा लागला तरी तिला सोसत नसे. आम्ही तिच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या फाडून सैल झबली शिवली. दिवाळीला आलेल्या बायकांना वाटायचं, एवढं काही दिसत नाही, मग ही बाहेर का येत नाही? तिच्या दुखण्याला पुरावा नव्हता, हे तिला दुखण्यापेक्षा जास्त लागायचं.

पुरावा आत होता. विषाणूने ज्या पेशींना इजा केली, त्या बऱ्या होताना बिघडलेल्या राहतात. कुणी स्पर्श केलेला नसतानाही त्या वेदनेची खबर पाठवत राहतात. खोट्या खबरा सतत येत राहिल्या की मज्जारज्जूतला खबर घेणारा भागही अतिसंवेदनशील होतो आणि मग साध्या स्पर्शाची खबरही वेदना म्हणूनच पुढे जाते. पदराचा स्पर्श चटक्यासारखा वाटतो. ही कल्पना नसते आणि नाटक तर नसतंच. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा यावर फारसा उपयोग होत नाही, कारण त्या वेगळ्या प्रकारच्या दुखण्यासाठी असतात. मज्जातंतूंना शांत करणारी औषधं लागतात. आईला प्रीगॅबालिनने हळूहळू आराम पडला. सुरुवातीला ती दिवसभर गुंगीत असायची, मात्रा दोनदा बदलावी लागली. वय जितकं जास्त, तितकी ही वेदना मागे राहण्याची शक्यता जास्त. मात्र सगळ्यांना ती राहत नाही, हेही सांगते, उगाच घाबरू नका.

विषाणू कुठल्या गाठीत जागा होतो यावर पुढचं सगळं अवलंबून. छाती-पाठीवर सगळ्यात जास्त वेळा. पण चेहऱ्याच्या मज्जातंतूत जागा झाला तर कपाळावर आणि डोळ्याभोवती फोड येतात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्याला धोका असल्याची ती खूण असते, कारण नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला जाणारी शाखा एकच. अशा वेळी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. कानात फोड, कान दुखणं आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, असाही प्रकार आहे. 1907 मध्ये रॅम्से हंट यांनी तो वर्णन केला, म्हणून त्यांचंच नाव त्याला मिळालं. क्वचित हा विषाणू मज्जातंतूवरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीपर्यंत जातो, त्यामुळे नागिणीनंतरच्या काळात पक्षाघाताचा धोका थोडा वाढतो. आणि लहान मुलांमध्ये कांजिण्यांनंतर फार क्वचित लहान मेंदूला सूज येऊन तोल जाऊ लागतो. मूल झिंगल्यासारखं चालतं. बहुतेक मुलं त्यातून पूर्ण बरी होतात.

आता मुख्य काम, ज्यासाठी मी विषय बदलून मागितला.

पहिलं. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी, कारण सापडत नाही अशी आग किंवा ठणका सुरू झाला, तर रोज आरशात पाहायचं. छातीत दुखत असेल तर हृदयाची तपासणी आधी, त्यात चालढकल नाही. आणि पहिला फोड दिसला की त्या दिवशी डॉक्टर. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. असायक्लोव्हिर हे त्यातलं जुनं औषध. गर्ट्रूड एलियन यांचा त्यात मोठा वाटा. त्यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. स्वतःच्या नावापुढे रीतसर पीएच.डी. नसलेली ही बाई. पण गोळी म्हणजे जादू नाही. ती विषाणूला वाढू देत नाही, जळलेली तार जोडून देत नाही. म्हणून घाई. लेप लावायचाच असेल तर डॉक्टर देतील तो लावा. गेरूने फोड झाकले जातात, त्यात जंतू शिरतात आणि दिवस वाया जातात.

दुसरं. लस आहे. कांजिण्यांची लस जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी 1974 मध्ये तयार केली. त्यांच्या स्वतःच्या मुलाला लहानपणी कांजिण्यांचा फार त्रास झाला होता. आपल्या मुलांपैकी अनेकांनी ती घेतली आहे. नागिणीची लस वेगळी. तिच्यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या कवचातलं एक प्रथिन आहे. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. मोठ्या चाचणीत तिने पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त संरक्षण दिलं. 2023 पासून ती भारतात मिळते. स्वस्त नाही, हे खरं. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. पण विचारा तरी.

या लसीवरून एक गोष्ट सांगते, ती माझ्या धंद्याच्या जवळची आहे. आम्ही एखादा बदल कामाचा आहे का हे पाहायला अर्ध्या ग्राहकांना देतो, अर्ध्यांना देत नाही आणि तुलना करतो. वेल्समध्ये हेच नकळत घडलं. तिथे 1 सप्टेंबर 2013 पासून नागिणीची तेव्हाची लस द्यायला सुरुवात झाली. पण नियम असा होता की 2 सप्टेंबर 1933 ला किंवा नंतर जन्मलेल्यांनाच ती मिळणार, त्याआधी जन्मलेल्यांना कधीच नाही. म्हणजे एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं दोन गटांत विभागली गेली. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी निघालं. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. ती लस जुनी, जिवंत विषाणूची होती आणि असं का होतं याचं कारण अजून पक्कं झालेलं नाही. तेव्हा स्मृतिभ्रंशाची लस आली असं घरी जाऊन सांगू नका. पण मज्जासंस्थेत पन्नास-साठ वर्षं दडून बसलेल्या पाहुण्याचा मेंदूशी काही संबंध असेल का, हा प्रश्न आता गंभीरपणे विचारला जातोय.

अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे साधारण तिघांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नागीण होते. आपण सगळे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे. पन्नाशी दोन-तीन वर्षांवर आली. समोरच्या खुर्च्यांवरचे आपले गुरुजन तर सत्तरीच्या पुढचे आहेत. तिसरी गोष्ट म्हणून मला खरं तर एवढंच सांगायचं आहे. आपल्यातले निम्मे पुण्या-मुंबईत, काही दुबईत, काही अमेरिकेत, आणि आई-वडील इथे. त्यांची पिढी दुखणं कमी करून सांगते. “तू काळजी करू नकोस” हे वाक्य त्यांना पाठ असतं. तेव्हा त्यांनी एकदा का “एका बाजूला आग होतेय” असं म्हटलं, तर त्यांना व्हिडिओ कॉलवर पाठ दाखवायला सांगा. लाजतील, तरी सांगा. काही दिसलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगा.

आई आता बरी आहे. आज सकाळी मी इकडे निघाले तेव्हा ती इस्त्रीची साडी नेसून ओट्यापाशी उभी होती, पदर खोचलेला. मी काय बोलणार आहे हे तिला माहीत आहे. मी विचारलं, “तुझं नाव घेऊ का?” ती म्हणाली, “घे. पण तू फोन उचलला नाहीस ते सांगू नकोस. लोक तुला बोलतील.” मी सांगितलं आहे. बोला.

सर, त्या फेब्रुवारीत तुम्ही हजेरीपट मिटला होता. आम्ही तेव्हा गैरहजर होतो, पण जे घेऊन घरी गेलो ते आजही आमच्याबरोबर इथे हजर आहे. त्याच्यावर लक्ष ठेवू. तुम्ही दोघांनी, बाईंनी आणि तुम्ही, पुढच्या आठवड्यात आपल्या डॉक्टर मित्राच्या दवाखान्यात यायचं कबूल केलं आहे. मी रजा काढली आहे, गाडी घेऊन येते.